महासाथ आणि जहाल उजवे पक्ष

८ मार्च २०२० रोजी, रविवारी, माद्रिद शहरातील व्हिस्तालेग्रे या बंदिस्त प्रेक्षागृहात स्पेनमधील ‘वोक्स’ या पक्षाची मोठी सभा भरली. हजारो अनुयायी दाटीवाटीने बसले होते आणि नेते हस्तांदोलने करीत, आलिंगने देत त्यांच्यामधून फिरत होते. दोनच दिवसांनी पक्षाचे सरचिटणीस हाविएर ऑर्तेगा स्मिथ यांना कोविड-१९ ची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले, आणि सभा भरविल्याबद्दल पक्षाने जाहीर क्षमा मागितली. मात्र क्षमा मागतानाच दोषाचे माप त्याने सरकारच्या पदरात टाकले. त्याच रविवारी महिला दिनाचे मोर्चे निघावयाचे होते, म्हणून सरकारने धोका दडवून ठेवला, असा त्याचा आरोप होता. २५ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदीची मुदत वाढविण्याच्या ठरावाला वोक्सने संसदेत पाठिंबा दिला. ९ एप्रिल रोजी तशाच ठरावाला त्याने विरोध केला. २३ मे रोजी याच पक्षाच्या आवाहनावरून माद्रिद व इतर शहरांत मोटारगाड्यांचे मोर्चे निघाले, आणि टाळेबंदी लादणारे सरकार जुलमी आहे अशा घोषणा देण्यात आल्या.

अडीच महिन्यांच्या अवधीत एका पक्षाने घेतलेली ही वळणे केवळ धरसोडीची होती, असे म्हणून हा विषय मिटविता येत नाही. कारण याच काळात युरोपातील अनेक देशांत आणि दक्षिण अमेरिकेत ब्राझीलमध्ये याच कुळातील पक्षांनी व नेत्यांनी कमीअधिक प्रमाणात अशीच वळणे घेतली. काहींनी तर नेमक्या उलट दिशेने घेतली. कोणी कडक निर्बंध मागत होता, तर कोणी निर्बंध झुगारून देत होता. कोणी लस आणण्यात आघाडीवर होता, तर कोणी लसीविरुद्ध लोकांना चेतवीत होता. या विसंगतीमागे काही सूत्र आहे काय, आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय झाला, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

संज्ञेचा अर्थ

‘पॉप्युलिझम’ या शब्दासाठी मराठीत ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ आहे. तथापि बोलण्यात त्याचा अर्थ मतदारांना खूष करणाऱ्या सवलती वाटणे एवढाच घेतला जातो. राज्यशास्त्रात ही संज्ञा निराळ्या अर्थाने येते, म्हणून येथे ‘लोकवाद’ हा शब्द वापरला आहे. समाज दोन तटांत विभागलेला आहे, एका बाजूला सरळमार्गी ‘खरे लोक’ आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्ट वरिष्ठवर्ग, आणि राजकारण म्हणजे त्या लोकांच्या इच्छेचा निर्विघ्न अंमल, ही धारणा म्हणजे लोकवाद होय. राजकीय पुढारी, न्यायाधीश, प्राध्यापक, वृत्तपत्रे आणि तज्ज्ञ हे सारे या दृष्टीने वरिष्ठवर्गातच मोडतात.

डच राज्यशास्त्रज्ञ कास मुडे यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लोकवादी जहाल उजव्या पक्षांची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले लक्षण म्हणजे एक प्रकारचा भूमिपुत्रवाद. राष्ट्र हे मूळच्या लोकांचेच असावे आणि परकी माणसे व परक्या कल्पना यांपासून त्याला धोका आहे, ही भावना त्याच्या मुळाशी असते. दुसरे लक्षण म्हणजे कडक सुव्यवस्थेची आणि नियमभंगाला कठोर शासन करण्याची ओढ. तिसरे लक्षण म्हणजे वर सांगितलेला लोकवाद. हे पक्ष निवडणुका मानतात. परंतु स्वतंत्र न्यायालये, अल्पसंख्याकांचे संरक्षण आणि सत्तेवरील इतर अंकुश यांच्याविषयी त्यांना आस्था नसते. म्हणूनच त्यांना लोकशाहीच नाकारणाऱ्या गटांपासून वेगळे काढून ‘जहाल’ म्हटले जाते.

आता ही तीन लक्षणे महासाथीच्या प्रसंगी लावून पाहिली, तर एक अडचण लगेच लक्षात येते. भूमिपुत्रवादाचे उत्तर सोपे आहे: सीमा बंद करा. परंतु उरलेल्या दोन लक्षणांची ओढ परस्परविरुद्ध दिशांना आहे. कडक सुव्यवस्थेची आवड असलेल्या पक्षाने टाळेबंदी, संचारबंदी आणि दंड यांचे स्वागत करावयास हवे. उलट वरिष्ठवर्गावर अविश्वास असलेल्या पक्षाने साथरोगतज्ज्ञांनी आणि मंत्र्यांनी घातलेल्या त्याच निर्बंधांना विरोध करावयास हवा. या ओढाताणीत कोणती बाजू वरचढ ठरली, आणि का, हाच या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे.

पहिला टप्पा: सीमेचा प्रश्न

साथीच्या पहिल्या आठवड्यांत या पक्षांमध्ये बरीच एकवाक्यता होती. इटलीत लोंबार्दी प्रांतातील कोदोन्यो या गावी २० व २१ फेब्रुवारी २०२० च्या दरम्यान स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण आढळला. तेव्हा ‘लेगा’ पक्षाचे नेते मात्तेओ साल्व्हिनी यांनी सीमा बंद करण्याची मागणी केली, आणि आफ्रिकेतून समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांचा विषय साथीशी जोडला. वस्तुस्थिती निराळी होती. त्या वेळी युरोपातील साथीचे केंद्र उत्तर इटलीच होते. फेब्रुवारीच्या अखेरीस अल्जीरियात सापडलेला पहिला रुग्ण इटालियन नागरिक होता, आणि नायजेरियात सापडलेला पहिला रुग्णही मिलानहून आलेला इटालियनच होता. रोग समुद्र ओलांडीत होता हे खरे. पण तो विमानातून आणि उलट दिशेने जात होता.

हंगेरीत पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांच्या सरकारने १ मार्च रोजी सरहद्दीवरील केंद्रांत आश्रयार्थींना प्रवेश देणे साथीचे कारण सांगून थांबविले. त्या दिवशी देशात एकाही रुग्णाची नोंद झालेली नव्हती. ४ मार्च रोजी नोंदविलेले पहिले रुग्ण हे तेथे शिकणारे इराणी विद्यार्थी होते. त्यानंतर ऑर्बान यांनी साथ आणि स्थलांतर यांचा संबंध उघडपणे जोडला.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. साथीच्या प्रारंभी प्रवासावर निर्बंध घालणे हा काही केवळ जहाल उजव्यांचा उपाय नव्हता. मार्चच्या मध्यापर्यंत युरोपातील सर्व छटांच्या सरकारांनी तो अवलंबिला. फरक होता तो कारणमीमांसेत. इतरांच्या दृष्टीने प्रवास हे संसर्गाचे एक साधन होते. जहाल उजव्यांच्या दृष्टीने ‘परका माणूस’ हाच संसर्गाचे मूळ होता. पहिल्या कल्पनेतून तपासणी व विलगीकरण यांसारखे उपाय निघतात आणि ते स्वदेशी प्रवाशालाही लागू होतात. दुसऱ्या कल्पनेतून असे उपाय निघत नाहीत, फक्त आरोपी ठरतो. आणि एकदा रोग देशांतर्गत पसरू लागला की तो आरोपीही अपुरा पडतो.

विरोधी बाकांवरील पक्ष

मार्च २०२० मध्ये युरोपातील बहुतेक देशांत हे पक्ष विरोधी बाकांवर होते. त्यांची सुरुवातीची तक्रार, सरकार फार उशिरा आणि फार सौम्यपणे वागत आहे, अशी होती. ऑस्ट्रियात ‘स्वातंत्र्य पक्षा’चे संसदीय नेते हर्बर्ट किकल यांनी १३ मार्च रोजी टाळेबंदीची मागणी केली, आणि दोन दिवसांनी संसदेत पहिला कोविड कायदा एकमताने संमत झाला. नेदरलँड्समध्ये खेर्ट विल्डर्स आणि त्यांचे प्रतिस्पर्धी तिएरी बोदे या दोघांनीही सरकारपेक्षा कडक टाळेबंदी मागितली. जर्मनीत ‘जर्मनीसाठी पर्याय’ (ए. एफ. डी.) या पक्षाने सरकार झोपलेले असल्याची टीका केली.

टाळेबंदी प्रत्यक्षात आल्यावर काही आठवड्यांतच चित्र पालटले. दुकाने बंद पडली, रोजगार गेले, मुले घरी अडकली आणि लोकांची सहनशक्ती संपत चालली. मग सरकार सौम्य आहे ही तक्रार मागे पडून सरकार जुलमी आहे ही तक्रार पुढे आली. जर्मनीत ए. एफ. डी. चे नेते ‘कोरोना हुकूमशाही’ हा शब्दप्रयोग करू लागले. २९ ऑगस्ट २०२० रोजी बर्लिनमध्ये निर्बंधांविरुद्ध झालेल्या प्रचंड निदर्शनांच्या वेळी काही शेकडा लोक संसदभवनाच्या पायऱ्यांवर चढून गेले. नेदरलँड्समध्ये बोदे यांचा पक्ष पुढे निर्बंधांचा सर्वांत कडवा विरोधक बनला. ऑस्ट्रियात जून २०२१ मध्ये पक्षाध्यक्ष झालेले किकल लसीच्या सक्तीविरुद्ध आंदोलनांच्या अग्रभागी आले. जनावरांच्या व माणसांच्या जंतविकारांवर वापरल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधाची ते कोविडसाठी भलामण करू लागले. कोविडवर ते गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नव्हता.

एवढ्यावरून एखादा वाचक असा निष्कर्ष काढील की हे पक्ष स्वभावतःच निर्बंधविरोधी आहेत, आणि पहिली मागणी ही क्षणिक घबराट होती. हा निष्कर्ष स्वीडनच्या उदाहरणापुढे टिकत नाही. स्वीडनने आपल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या सल्ल्यानुसार टाळेबंदी टाळली. दुकाने, उपाहारगृहे आणि लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या. वृद्धाश्रमांतील मृत्यूंची संख्या मात्र शेजारी देशांच्या तुलनेने फार वाढली. तेथील जहाल उजव्या ‘स्वीडन डेमोक्रॅट्स’ पक्षाची टीका या सौम्यपणावर होती. पक्षाचे नेते यिमी ओकेसन यांनी जून २०२० मध्ये साथरोगतज्ज्ञ आंदर्स टेग्नेल यांनी पद सोडावे अशी मागणी केली. म्हणजे बर्लिन आणि व्हिएन्ना येथे तज्ज्ञ कडक होते म्हणून दोषी, आणि स्टॉकहोममध्ये तज्ज्ञ सौम्य होते म्हणून दोषी. उपायांची दिशा देशागणिक बदलली. बदलली नाही ती एकच गोष्ट, तज्ज्ञांनी लोकांशी दगा केला आहे हे प्रतिपादन.

आपण वर जो प्रश्न उपस्थित केला त्याचे अर्धे उत्तर येथे मिळते. या पक्षांजवळ रोगाविषयी स्वतःचा असा सिद्धांत नव्हता. सिद्धांत होता तो सत्ताधाऱ्यांविषयी. तेव्हा सत्तेबाहेर असताना कडक शिस्तीची ओढ आणि अविश्वास यांच्या ओढाताणीत अविश्वास जिंकला.

सत्तेवरील पक्ष: दोन उलट उदाहरणे

उत्तराचा दुसरा अर्धा भाग सत्तेवर असलेल्यांच्या वर्तनात सापडतो. येथे हंगेरी आणि ब्राझील ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहणे उद्‌बोधक आहे.

हंगेरीत ऑर्बान यांचा ‘फिदेस’ पक्ष २०१० साली सत्तेवर आला होता. ३० मार्च २०२० रोजी संसदेने दोनतृतीयांश बहुमताने एक कायदा संमत केला. त्यान्वये सरकारला मुदतीच्या मर्यादेविना वटहुकुमांनी कारभार करण्याचा अधिकार मिळाला, आणि साथीच्या प्रतिकारात अडथळा आणणाऱ्या खोट्या बातम्या पसरविल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. या अधिकाराखाली निघालेले काही हुकूम साथीशी संबंधित होते, तर काहींचा संबंध दूरचा होता. राजकीय पक्षांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा अर्धा भाग साथनिधीकडे वळविण्यात आला, आणि नगरपालिकांना मिळणारा वाहनकर काढून घेण्यात आला. राजधानी बुडापेस्टसह अनेक मोठी शहरे तेव्हा नुकतीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, विरोधकांच्या हाती गेलेली होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. हा कायदा जूनमध्ये मागे घेतला गेला. पण नोव्हेंबरमध्ये विशेष अधिकार परत आले. २०२२ साली त्यांचे कारण बदलून साथीच्या जागी शेजारच्या युक्रेनमधील युद्ध आले.

लसीच्या बाबतीत मात्र हंगेरीचे सरकार लसविरोधी मुळीच नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये रशियाच्या स्पुटनिक आणि चीनच्या सायनोफार्म या लसींना मान्यता देणारा तो युरोपीय संघातील पहिला देश ठरला. खुद्द ऑर्बान यांनी चिनी लस टोचून घेतली. विरोधकांनी तिच्याविषयी शंका काढल्या, तेव्हा सरकारने त्यांनाच लसविरोधी ठरविले. व्हिएन्नात जहाल उजवे लसीच्या विरुद्ध उभे होते; तेथून काही तासांच्या अंतरावर बुडापेस्टमध्ये जहाल उजवे सरकार लसीचा पुरस्कार करीत होते. परंतु रिकामी जागा रिकामी राहिली नाही. फिदेसच्याही उजवीकडे असलेल्या ‘आपली मायभूमी’ या पक्षाने लसीविरुद्ध व निर्बंधांविरुद्ध प्रचार केला, आणि एप्रिल २०२२ च्या निवडणुकीत सहा जागा मिळवून संसदेत प्रवेश केला. सत्तेवर बसलेल्या लोकवाद्याला दुसरा लोकवादी प्रतिस्पर्धी भेटला.

एवढी सत्ता हाती घेऊन रोग आवरला काय? लसीकरणाचा प्रारंभीचा वेग चांगला होता. तरीही २०२१ च्या वसंतात लोकसंख्येच्या प्रमाणात हंगेरीतील मृत्यू जगात सर्वाधिक असलेल्या देशांच्या पंक्तीत होते. वटहुकुमांनी अधिकार वाढतात, परिचारिकांची संख्या वाढत नाही.

ब्राझीलचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. अध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला पक्ष सोडला आणि पुढील दोन वर्षे ते कोणत्याच पक्षाचे नव्हते. म्हणून ब्राझीलचे उदाहरण पक्षाचे नसून नेत्याचे आहे. २४ मार्च २०२० रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणात त्यांनी हा रोग आपल्याला झालाच तर किरकोळ तापासारखा जाईल, असे सांगितले, आणि शाळा व दुकाने बंद करणाऱ्या राज्यपालांना दोष दिला. आरोग्यमंत्री लुइझ एन्रिके मांदेत्ता हे वैद्य होते. शारीरिक अंतराचा आग्रह धरल्यामुळे त्यांना १६ एप्रिल रोजी पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले नेल्सन ताइश हेही वैद्यच होते; ते महिन्याच्या आत, १५ मे रोजी, पायउतार झाले. त्यानंतर सूत्रे एदुआर्दो पाझुएलो या सैन्याधिकाऱ्याकडे गेली, आणि क्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाची शिफारस सरकारी कागदांत आली. जूनच्या प्रारंभी आरोग्यखात्याने एकूण रुग्णांचे व मृत्यूंचे आकडेच प्रसिद्ध करणे थांबविले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते पूर्ववत झाले.

सत्तेवर असूनही बोल्सोनारो सत्तेबाहेरच्याप्रमाणे बोलत राहिले, याचे कारण त्या देशाच्या घटनात्मक रचनेत आहे. १५ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना व नगरपालिकांना निर्बंध घालण्याचा स्वतंत्र अधिकार असल्याचा निर्वाळा दिला होता. त्यामुळे दुकाने बंद ठेवण्याचे अप्रिय काम राज्यपालांकडे आणि त्याविषयी कळवळा व्यक्त करण्याचे सोपे काम अध्यक्षांकडे, अशी वाटणी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये साओ पाउलो येथील बुतांतान संस्थेकडून चिनी बनावटीच्या लसीच्या ४ कोटी ६० लाख मात्रा घेण्याचा आपल्याच मंत्र्याचा करार त्यांनी दुसऱ्या दिवशी रद्द ठरविला. त्या लसीमागे साओ पाउलोचे राज्यपाल जोआंव दोरिया उभे होते, आणि दोरिया हे त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी होते. जानेवारी २०२१ मध्ये आमेझॉनच्या अरण्यातील मानाउस शहरात प्राणवायूचा साठा संपला आणि रुग्ण गुदमरून मेले. त्याच महिन्यात, २२ जानेवारीला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या २० लाख मात्रा ब्राझीलला पोहोचल्या, तेव्हा बोल्सोनारो यांनी द्रोणागिरी उचलून नेणाऱ्या हनुमंताचे चित्र प्रसिद्ध करून भारताचे आभार मानले. ज्याने आदल्याच महिन्यात, लस घेऊन कोणी मगर झाला तर कंपनी जबाबदार राहणार नाही, असा विनोद केला होता, त्याच नेत्याचे हे आभार होते.

सिनेटने नेमलेल्या चौकशी समितीने २६ ऑक्टोबर २०२१ रोजी आपला अहवाल संमत केला आणि अध्यक्षांवर नऊ अपराधांचे आरोप ठेवावेत अशी शिफारस केली. तोपर्यंत ब्राझीलमधील नोंदलेल्या मृत्यूंची संख्या ६ लाखांच्या वर गेली होती.

या दोन उदाहरणांत उपाय परस्परविरुद्ध आहेत, पण त्यांचे मूळ एक आहे. एकाने साथीचे कारण पुढे करून संसदेचा अंकुश दूर केला. दुसऱ्याने साथ नाकारून न्यायालये, राज्ये आणि स्वतःचेच आरोग्यखाते यांच्याशी झगडा मांडला. दोघांनाही मधली संस्था, म्हणजे चौकशी करणारी, मोजणी करणारी आणि नाही म्हणू शकणारी व्यवस्था, नकोशी होती.

एकाच पक्षातील दोन वर्तणुकी

इटलीतील लेगा पक्षाचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकविते. रोममध्ये विरोधी नेते असलेले साल्व्हिनी यांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सीमा बंद करा म्हटले, महिनाअखेरीस व्यवहार पुन्हा खुले करा म्हटले, आणि मार्चमध्ये पुन्हा सर्व बंद करा म्हटले. याच पक्षाचे लुका झाया हे तेव्हा व्हेनेतो प्रांताचे प्रमुख होते. त्यांच्या प्रांतातील व्हो या खेड्यात २१ फेब्रुवारी रोजी कोविडने इटलीतील पहिला बळी घेतला. तेव्हा गाव बंद करून जवळजवळ सर्व रहिवाशांची तपासणी करण्यात आली. या तपासणीच्या अभ्यासातून, लक्षणे नसलेली माणसेही बाधित असतात आणि त्यांना शोधून वेगळे केले तर साखळी तुटते, हे स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२० मध्ये झाया सुमारे ७७ टक्के मते मिळवून पुन्हा निवडून आले.

पक्ष एक, विचारसरणी एक. फरक होता तो जबाबदारीचा. ज्याच्या दारात रुग्णालय होते त्याला तज्ज्ञांचे ऐकावे लागले. ज्याच्यापुढे फक्त ध्वनिक्षेपक होता त्याला त्याची गरज भासली नाही. अर्थात जबाबदारी आली म्हणजे शहाणपण येतेच, असा नियम यातून निघत नाही. बोल्सोनारो यांचे उदाहरण त्याला आड येते. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याची सोय कितपत आहे, यावर बरेच अवलंबून असते.

मतांचा हिशेब

महासाथीमुळे या पक्षांची भरभराट होईल असे काहींना वाटले, तर काहींना त्यांचा अंत जवळ आला असे वाटले. दोन्ही अंदाज चुकले. जर्मनीत ए. एफ. डी. ला २०१७ साली १२.६ टक्के मते मिळाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ती १०.३ टक्के झाली. नेदरलँड्समध्ये बोदे यांच्या पक्षाच्या जागा मार्च २०२१ मध्ये दोनावरून आठांवर गेल्या. इटलीत लेगा फेब्रुवारी २०२१ मध्ये मारिओ द्रागी यांच्या संयुक्त सरकारात सामील झाला आणि त्याला लसीच्या दाखल्याचे नियम पत्करावे लागले. ज्योर्जा मेलोनी यांचा ‘इटलीचे बंधू’ हा पक्ष बाहेर राहिला. सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत बाहेर राहिलेल्याला २६ टक्के आणि आत गेलेल्याला ९ टक्क्यांहून कमी मते पडली. ब्राझीलमध्ये बोल्सोनारो ऑक्टोबर २०२२ मध्ये पराभूत झाले, पण अवघ्या दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने.

ऑस्ट्रियाचा अनुभव अधिक दूरगामी आहे. तेथील सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्व प्रौढांना लसीची सक्ती जाहीर केली. कायदा ५ फेब्रुवारी २०२२ रोजी अमलात आला, ९ मार्च रोजी स्थगित झाला आणि उन्हाळ्यात रद्दच झाला. दंड करण्याची वेळच आली नाही. सक्तीने लसीकरण फारसे वाढले नाही, परंतु रोष मात्र साठून राहिला. २०२३ मध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांतात सत्तेत वाटा मिळविलेल्या स्वातंत्र्य पक्षाने साथीच्या काळातील निर्बंधांची झळ लागलेल्यांसाठी ३ कोटी युरोंचा निधी मान्य करून घेतला. सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रीय निवडणुकीत हा पक्ष २८.८ टक्के मतांसह प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. महागाई आणि स्थलांतर ही कारणे त्यामागे होतीच. पण अर्धवट सोडून दिलेल्या सक्तीची आठवणही होती.

टीका आणि अविश्वास

येथवरच्या विवेचनावरून निर्बंधांवरील सर्व टीका दुष्ट हेतूची होती असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. संकटसमयी सरकारला प्रश्न विचारणे हे विरोधी पक्षाचे कर्तव्यच आहे. वोक्सने एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीला न्यायालयात आव्हान दिले. १४ जुलै २०२१ रोजी स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला, की लोकांना घरात थांबविणे हा मूलभूत हक्काचा संकोच नसून ते त्याचे निलंबनच होते, आणि त्यासाठी सरकारने वापरलेली तरतूद पुरेशी नव्हती. आव्हान देणाऱ्याचे राजकारण कसेही असो, प्रश्न खरा होता, आणि तो योग्य ठिकाणी विचारला गेला होता. त्याचप्रमाणे रोगाला क्षुल्लक लेखण्याची चूक केवळ उजव्यांनी केली असेही नाही. मेक्सिकोचे डावे अध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेझ ओब्रादोर मार्च २०२० मध्ये लोकांना आलिंगने देत फिरत होते आणि आपले रक्षण करणारे ताईत दाखवीत होते.

तेव्हा भेद करावयाचा तो टीका आणि अविश्वास यांत. टीका विशिष्ट असते. अमुक नियम जाचक आहे, अमुक आकडा चुकीचा आहे, अमुक अधिकार घटनेत बसत नाही, असे ती सांगते. उत्तर मिळाले तर ती थांबते. जहाल उजव्यांनी पेरलेला अविश्वास सर्वव्यापी होता. उत्तर मिळाले की तो दुसऱ्या प्रश्नाकडे सरकत होता. सार्वजनिक आरोग्याला तो विशेष मारक ठरतो. शस्त्रक्रिया एका रुग्णाच्या विश्वासावर होऊ शकते. साथीचा प्रतिकार मात्र बहुसंख्यांनी, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून, स्वतःला न दिसणाऱ्या धोक्यासाठी, एकाच वेळी काही करण्यावर अवलंबून असतो.

हा विश्वास एका संकटात निर्माण होत नाही, तसा एका संकटात पूर्ण नष्टही होत नाही. कोविडच्या दोन वर्षे आधी, जून २०१८ मध्ये, साल्व्हिनी यांनी शाळेत प्रवेशासाठी सक्तीच्या असलेल्या दहा लसी निरुपयोगी आणि बऱ्याचदा धोकादायक असल्याचे म्हटले होते. त्याआधीच्या वर्षी इटलीत गोवराचे जवळजवळ पाच हजार रुग्ण आढळले होते. शंकेचे बी असे साथीच्या आधीच पडलेले असते. याउलट ब्राझीलमध्ये १९७३ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम चालू होता. खेड्यापाड्यांतील आरोग्यकेंद्रांत दोन पिढ्या मुलांना घेऊन जात आल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष स्वतः लस घेत नव्हते आणि तिची थट्टा करीत होते. तरीही लस उपलब्ध होताच त्यांना मत देणाऱ्यांसह कोट्यवधी लोक रांगेत उभे राहिले. बऱ्याच संपन्न देशांना जमले नाही इतके लसीकरण तेथे झाले. अध्यक्षांच्या भाषणापेक्षा आपल्या वस्तीतील परिचारिकेचा शब्द त्यांना अधिक भरवशाचा वाटला. तो भरवसा कमावण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली होती, आणि तो कमाविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पुढे येणाऱ्या या साथीची कल्पना होती.